मडक्याचा वाटा

"मडकं सांभाळ वं गोपिका! पोट काय धरून बसली?"

बायजाबाई टेम्पोच्या पुढच्या फळीला पाठ लावून बसली होती. तिथून तिचं सगळ्यांवर लक्ष होतं. कुहीचा डांबरी रस्ता सोडून गाडी गावाच्या कच्च्या वाटेला लागली, तशी आतली सहा मडकी, पराती, पिठाची पोती आणि सहा बाया एकदमच उसळल्या. गोपिकाने एक हात मडक्याच्या गळ्याभोवती टाकला. दुसरा होता तिथेच राहिला, डाव्या कुशीत, कमरेच्या जरा खाली.

"धरलं ना मावशी. दोन्ही धरले."

बाया हसल्या. गोपिकाही हसली, आणि पुढच्या खड्ड्याची वाट पाहत राहिली.

नागपूरकडच्या लग्नात, तेरवीत, भंडाऱ्यात जी हातभर लांब, रुमालासारखी पातळ रोटी पानात पडते, ती करणाऱ्या या बाया. चुलीवर मडकं उपडं ठेवायचं, खाली जाळ करायचा. कणीक इतकी सैल मळायची की ती परातीत धड थांबू नये. मग ती उचलून आपटायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची, तिला तार सुटेपर्यंत. मग गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झोकत कोपरापर्यंत लांबवायचा आणि फेकायचा तापल्या मडक्यावर. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं कसब मनगटात आहे. पण प्रत्येक झोक कमरेतून येतो, आणि कमरेला तो पोटातून येतो, हे गोपिकाला आत्ता आत्ता कळलं होतं.

नागपूरच्या सदर भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टर नूपुर यांनी सोनोग्राफीचा कागद उजेडात धरून तिला समजावून सांगितलं होतं. डाव्या अंडाशयावर पाण्याची गाठ आहे, सिस्ट म्हणतात तिला. मोसंबीएवढी झाली आहे. वाईट काही दिसत नाही, पण काढावी लागेल.

"आणि तोवर झटका नको, वजन नको. गाठीला पीळ बसला तर जीव नकोसा होईल, आणि मग अंडाशयही वाचायचं नाही. काम काय करता तुम्ही?"

"रोट्या."

"घरीच ना?"

आता ही घरची पोळी नव्हे, हे कसं सांगायचं? गोपिकाने खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले आणि नुसत्या हवेत एक रोटी लांबवून डॉक्टरांच्या टेबलावर फेकली. नूपुर मॅडम पाहत राहिल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बंद," त्या म्हणाल्या. "मेडिक्लेम आहे का? कुठला विमा?"

"विमा हाय ना. आटोचा हाय."

"कशाचा?"

"आमच्या घरचे शाळेचा आटो चालवतात, त्याचा. माह्या नाई हाय मॅडम."

मॅडमना हसू आलं आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण त्या पुढचं फार मऊ आवाजात बोलल्या. इथला खर्च तुम्हाला झेपायचा नाही, मी चिठ्ठी देते, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. सरकारी असलं तरी तिथले हात चांगले आहेत. पण नंतर दीड महिना कणकेला हात लावायचा नाही.

मेडिकलला काजल जाऊन आली. आईचे कागद घेऊन दोन रांगांत उभी राहिली आणि तारीख घेऊन आली. सोमवार.

आज शनिवार होता. पहाटे टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा मायलेकींचं दारातच वाजलं होतं.

"आई, परवा भरती व्हायचं हाय तुले."

"सीझन होऊ दे."

"गाठीले समजते का, सीझन सुरू हाय म्हणून?"

"तू डाक्टर हाय का?"

"डाक्टरीणच सांगून राहिली ना बापा! मी काय घरचं सांगतो काय?"

तिचा नवरा ताराचंद अंगणात आटोची काच पुसत होता. तीच काच, पुन्हा पुन्हा. दोघींच्या मध्ये बोलणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. तो आत गेला, गरम पाण्यात हिंग घालून घेऊन आला आणि पेला गोपिकाच्या हातात देऊन म्हणाला, "पिऊन जाय." यापेक्षा लांब भाषण त्याच्याकडे नव्हतं.

ऑपरेशन मेडिकलला जवळपास फुकट होईल, हे गोपिकालाही ठाऊक होतं. तिची धास्ती त्यापुढच्या दीड महिन्याची होती. टोळीत चूल रिकामी राहत नाही. टोळीतल्याच शेवंताची नणंद कधीपासून मागे लागली होती, "मले बी घ्या नं, मले बी घ्या." दीड महिना गोपिका घरी बसली की त्या पोरीचा हात बसणार, आणि हात बसला की तिला उठवणार कोण? शाळेच्या सुट्ट्यांत आटो उभा असतो, तेव्हा घर या मडक्यावर चालतं. काजलचं कॉलेज या मडक्यावर चालतं. म्हणून तिने टोळीत कुणालाही काही सांगितलं नव्हतं. बायजाबाईचा तर नियमच होता, आजारी बाई जाळापुढे नको.

गावात सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. देवळासमोर मांडव, मांडवात काल्याचं कीर्तन, आणि मांडवामागे कनात लावून चुली. पोचल्या पोचल्या बायांनी जाळ केला, मडकी उपडी घातली, पिठं भिजवली. तेवढ्यात कनातीपलीकडे वीणेची तार छेडली गेली, मृदंगावर थाप पडली, आणि मार्तंडबुवांचा आवाज लागला.

गोपिकाने मार्तंडबुवांची कितीतरी कीर्तनं ऐकली होती, पण त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. रोट्यावाल्या बाईला कीर्तन नेहमी पाठीमागूनच ऐकू येतं. बुवा गोरे की सावळे, फेटा बांधतात की टोपी घालतात, तिला माहीत नव्हतं. पण त्यांचा श्वास कुठे संपतो ते तिला माहीत होतं. चाल वर चढवण्याआधी ते किंचित खाकरतात, आणि लोकांना हसवायचं असलं की आधी स्वतःच आतल्या आत हसतात, ते त्यांच्या आवाजावरून कळतं. टाळकरी उचलून धरतात तेव्हा कनातीचं कापडसुद्धा थरथरतं. जाळाच्या धगीत, धुराने डोळे चुरचुरत असताना, तो नामाचा गजर अंगावर आला की गोपिकाला वाटे, समोर बसणाऱ्यांना देव दिसत असेल तर दिसो, आपल्याला तो पाठमोरा पुरे.

आणि टोळीची कणीक त्या मृदंगावरच आपटली जाई. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. बुवा संथ बोलत असले की पराती संथ वाजत; गजर सुरू झाला की सहाही पराती एका ठेक्यात, धप्प, धप्प, धप्प. कनातीपुढच्या माणसांना वाटावं, मांडवामागे आणखी एक मृदंग आहे.

आज गजर चढला आणि बायजाबाईचे हात थांबले. तिने मान वाकडी केली. कान दिला.

"गोपिका, तुही परात गप काहून हाय वं?"

गोपिका कणीक आपटत नव्हती. नुसती दाबत होती, बोटांनी, हळूहळू, लहान लेकराचं अंग रगडावं तशी.

"कीर्तन ऐकून राहिली मावशी."

"मी काय भाषण ऐकून राहिली का? माही परात वाजते, शेवंताची वाजते, तुहीच मुकी झाली?" बायजाबाई उठून जवळ आली. तिने गोपिकाच्या तोंडाकडे पाहिलं, उतरलेल्या गालांकडे पाहिलं, कुशीत गेलेल्या हाताकडे पाहिलं. "सकाळी चहा नाई घेतला. पोहे पाहून तोंड फिरवलं. गाडीत पोट धरून बसली." आणि एकाएकी तिचं सुरकुतलेलं तोंड उजळलं. "अवं पोट्टे! किती महिने झाले?"

चुलींवर एकच हशा उसळला.

"काय म्हणता मावशी!" एकजण ओरडली.

"काजलच्या लग्नात कडेवर लेकरू घेऊन फिरशीन काय वं?"

"अन् ताराचंद भाऊजी!" शेवंताने पदर तोंडाला लावला. "दिसतात कसे गरीब!"

नाही, असं म्हणायला गोपिकाने तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि तेवढ्यात तिला शेवंताचं बाळंतपण आठवलं.

टोळीत एका मडक्याला एक वाटा असे. ज्या बाईचं मडकं चुलीवर, त्या बाईचा वाटा. आणि बाळंतिणीचं, किंवा पोटुशीला घरी बसावं लागलं तर तिचंही, मडकं थंड होऊ द्यायचं नाही, ही बायजाबाईच्या सासूपासूनची रीत. शेवंता बाळंत झाली तेव्हा प्रत्येक कामावर तिचं मडकं गेलं होतं. बाकीच्या बायांनी पाळीपाळीने त्यावर रोट्या टाकल्या आणि तिचा वाटा घरपोच केला. तिची चूल कुणी मागितली नाही. कुणाची हिंमतच नव्हती.

गोपिकाने तोंड मिटलं. मान खाली घातली.

तिने हो म्हटलं नव्हतं. पण मान खाली घालणाऱ्या बाईला आपल्याकडे कोण दुसऱ्यांदा विचारतं?

मग जे सुरू झालं ते तिला सोसेना. एकीने तिच्या हातातून परात ओढून घेतली. एकीने बसायला पाट आणून दिला. "आपटू नको बाई, तू नुसती भाज." शेवंता स्वतःच्या डब्यातलं कैरीचं लोणचं घेऊन आली, "खाय, चव येते तोंडाले." बायजाबाई तर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "उशिरा का होईना, देवानं आयकलं तुहं." काजलच्या पाठीवर गोपिकाला मूल राहिलं नव्हतं, आणि त्यासाठी बायजाबाईने केलेले उपास गोपिकाला आठवत होते. ती पाटावर बसली. उठली. जाळ सारखा केला. पुन्हा बसली. रोटी मडक्यावरून काढायला उशीर झाला आणि ती करपली. सगळ्या म्हणाल्या, असू दे, असू दे. तिला वाटलं, कुणीतरी ओरडावं आता.

पलीकडे बुवा काल्यावर आले होते.

"गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या," बुवा सांगत होते. "कुणाची भाकर, कुणाची दशमी, कुणाचा दहीभात. देव म्हणाला, टाका एकात! आता त्यात एक पोरगं होतं. त्याच्या फडक्यात काहीच नव्हतं. घरीच नव्हतं, तर माय बांधणार काय? पण माय शहाणी. लेकराला चारचौघांत कमीपणा नको म्हणून तिनं रिकाम्याच फडक्याला गाठ मारून दिली होती. वाटावं, आत काहीतरी आहे!" बुवा खाकरले. "मंडळी, ही गाठ फार वाईट. भुकेनं माणूस थकतं, पण या गाठीनं ते झुरतं. पोरगं मागे मागे सरकायला लागलं. देवानं पाहिलं. देव काही बोलला नाही हो. नुसता हात पुढे केला. आण तुझी शिदोरी. आता काय करावं पोरानं? त्यानं सगळ्यांदेखत गाठ सोडली आणि ते रिकामं फडकं काल्यावर झटकलं. देवानं काल्याचा घास घेतला आणि म्हणाला, आत्ता चव आली!"

मांडवात टाळ्यांचा, टाळांचा कल्लोळ उठला. गोपिकाने तोंड कनातीकडे वळवलं. इतकी वर्षं या माणसाने कनातीआडून तिला गोष्टी सांगितल्या होत्या, पण असं समोर येऊन हात पुढे कधी केला नव्हता.

दहीहंडी फुटली. लाह्यांचा प्रसाद मागे चुलींपर्यंत आला, आणि प्रसादाच्या मागोमाग कुसुमताई आल्या. सप्ताहाचं सगळं ज्यांच्या घरून चाले त्या या कुसुमताई. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. बायजाबाई मागे उभी, हसत. तिने सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

"या गोपिकाबाई, पाटावर बसा," कुसुमताई म्हणाल्या. "आमच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी कळलं, म्हणजे देवाचीच मर्जी. ओटी भरते तुमची. मग पंगत."

त्यांनी गोपिकाच्या कपाळाला कुंकू लावलं. सुपातून ओंजळभर तांदूळ उचलले. सगळ्या बाया भोवती गोळा झाल्या. गोपिकाने पदर पसरला. तो पसरताना आतून डाव्या कुशीत एक कळ उठली आणि मांडीपर्यंत गेली.

"ताई, थांबा," ती म्हणाली.

कुसुमताई थांबल्या.

"पोटात लेकरू नाई हाय." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "गाठ हाय. मोसंबीएवढी. काढा लागते म्हनते डाक्टरीण. सोमवारी मेडिकलले बोलावलं हाय. मी जाणार नव्हती." मग ती बायजाबाईकडे वळली. "मावशी, तू विचारलं तवा मी नाई म्हनाले पायजे होतं. मले मडक्याचा वाटा पायजे होता."

कुसुमताईंच्या ओंजळीतले तांदूळ तसेच अधांतरी राहिले होते. त्यांनी एकदा तांदळाकडे पाहिलं, एकदा गोपिकाच्या पदराकडे, आणि मग, हात अवघडल्यासारखं करून, ते तांदूळ पदरात टाकले. दुसरी ओंजळ टाकली. नारळ ठेवला.

"ओटी काय पोटुशीचीच भरतात?" त्या म्हणाल्या. "सवाष्ण दारी आली तर भरतोच की. बाई, बरी होऊन ये." आणि सूप घेऊन त्या मांडवाकडे गेल्या. जाताना त्यांनी डोळ्याला पदर लावल्यासारखं वाटलं, पण धूरही होता.

बायजाबाईचं तोंड लाल झालं होतं.

"मोसंबीएवढी गाठ घेऊन तू टेम्पोत बसली?"

"मावशी..."

"परवाच्या लग्नात पीठ आपटलं? त्याच्या आधीच्या तेरवीत? माह्या समोर? अन् मले आंधळीले दिसलं नाई!" ती इतक्या जोरात ओरडली की मांडवातली दोन माणसं कनात वर करून डोकावली. "काय पाहता रे? रोटी होऊन राहिली, जा!"

कनात खाली पडली. शेवंता खालमानेने लाकूड सारत होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, वाईट नको मानू. पन बाळंतीण सव्वा महिन्यात उठते. दुखण्याचं काय ठिकान? उद्या कोनाचे गुडघे दुखतीन, परवा कोनाची पाठ. सगळ्यायचे मडके कोन तापवन?"

ती खोटं बोलत नव्हती. सगळ्यांचेच गुडघे दुखत होते, सगळ्यांचीच पाठ. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. गोपिकाने पदरातला नारळ दोन्ही हातांनी धरला. चूल जाणार हे तिने ओळखलं होतं, आणि नवल म्हणजे, सकाळपासून पहिल्यांदा तिला स्वस्थ वाटत होतं.

बायजाबाई गोपिकाच्या मडक्यापाशी गेली. वाकून जाळ पाहिला. मग ओल्या फडक्याने मडक्याची पाठ पुसली. चर्र आवाज झाला.

"शेवंता, या मडक्याले जाळ समजते," ती पाठमोरीच म्हणाली. "त्याच्या बाईच्या पोटात लेकरू हाय का गाठ, ते काय समजते त्याले? तुहं लेकरू झालं तवा मी बी पाळी धरली होती. तवा माही पाठ दुखत नव्हती का?"

शेवंताने गोपिकाची परात पायाने आपल्याकडे ओढली आणि त्यातली कणीक उचलून आपटली.

"लोणचं परत नको देऊ," ती गोपिकाला म्हणाली, अजूनही जरा घुश्शातच. "दवाखान्यात तोंडाले चव नसते."

"सोमवारी संग कोन हाय?" बायजाबाईने विचारलं.

"काजल हाय."

"काजल लेकरू हाय. मी येतो. कामाचं पाहीन शेवंता." आणि गोपिका अजून उभीच आहे हे पाहून ती पुन्हा ओरडली, "इथं काय करून राहिली? आजारी बाई जाळापुढे नको म्हनून किती डाव सांगतलं? जाय, पंगतीत बस!"

रोट्यावाल्या बाया सगळ्यांच्या शेवटी जेवतात, उरलेलं, तिथेच चुलीपाशी, उकिडव्या बसून. गोपिका कनात वर करून पुढे आली आणि तिला कुठे बसावं ते कळेना. मांडवात बायांच्या लांब पंगती बसल्या होत्या. एका म्हाताऱ्या आजीने सरकून जागा दिली. पत्रावळ आली. वांग्याची भाजी, वरण, बुंदी आली. मग रोटी आली, घडी घातलेली, वाफाळती.

आजीने आपली रोटी उलगडून पाहिली. "आज एका अंगानं जाड हाय वं," ती गोपिकाला म्हणाली. "दरसाली कशी एकसारखी राहते. हात नवा दिसते."

गोपिकाने आपल्या रोटीची घडी उलगडली. एक कड जाड होती, दुसरी जराशी करपलेली.

"नाई आजी, हात जुनाच हाय," ती म्हणाली. "एकटी दोन मडक्यांवर हाय, म्हणून."

तिने रोटी मोडली, भाजीत बुडवली आणि खाल्ली. वाढपी परत आला तेव्हा तिने त्याला थांबवलं.

"दादा, अजून एक टाका. जाड असली तरी चालन."